विषय ठरला, आता प्रश्न घडवू या

‘टॉपिक फायनल झाला’ असं सांगत विद्यार्थी येतात. कागदावर लिहिलेलं असतं, ‘समाजमाध्यमांचा तरुणांवरील प्रभाव : एक चिकित्सक अभ्यास’. शीर्षक भारदस्त असतं. पण ‘यातून तुला नेमकं काय शोधायचंय?’ असं विचारलं की बोलणं अडतं. कोणतं माध्यम, कोणते तरुण, कशावरचा प्रभाव, आणि कशाच्या तुलनेत, यातलं काहीच ठरलेलं नसतं. अशा शीर्षकावर वर्षभर वाचता येतं, टिपणांनी वह्या भरता येतात, पण काम संपल्याचं कधी कळत नाही. काय सापडलं की थांबायचं, हेच आधी ठरलेलं नसतं ना!

पहिल्यांदाच प्रकल्प, लघुप्रबंध किंवा पीएचडीची सिनॉप्सिस, म्हणजे नियोजित संशोधनाचा आराखडा, लिहायला बसलेल्यांसाठी हे लिहितोय. प्रश्न तयार झाला की नाही हे ओळखायची माझ्या लेखी एक भरवशाची खूण आहे. काय पाहिलं, मोजलं किंवा ऐकलं की या प्रश्नाचं उत्तर मिळेल, हे काम सुरू करण्याआधी तुम्हाला सांगता आलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिथवर पोचण्यासाठी आहेत.

१. खटकलेली गोष्ट लिहून काढा

विषयांच्या याद्या चाळून प्रश्न सहसा मिळत नाही. तो मिळतो काहीतरी खटकतं तिथे. पुस्तकात एक लिहिलेलं असतं आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं. दोन लेखकांचं एकमेकांशी जुळत नाही. किंवा सगळे एखादी गोष्ट गृहीत धरून चालतात आणि तुम्हाला मात्र तिचा पुरावा कुठे सापडत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. त्यात त्यांना वळणदार जिवाणू दिसू लागले, आणि जिथे ते जिवाणू तिथे जवळच सूजही दिसे. अल्सर मानसिक ताणामुळे आणि जीवनशैलीमुळे होतो, अशी त्या काळची समजूत होती. वॉरन यांना हे एकत्र दिसणं खटकलं. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्यासोबत आले आणि दोघांनी १०० रुग्णांच्या जठराचे नमुने तपासायला घेतले. जठराला सूज किंवा अल्सर असलेल्या जवळजवळ सगळ्यांमध्ये तो जिवाणू सापडला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. मला यातलं नोबेलपेक्षा सुरुवातीचं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. ‘अल्सरची कारणे : एक अभ्यास’ अशा विषयाने त्यांची सुरुवात झालेली नाही. हे दोन्ही नेहमी एकत्रच का दिसतात, इतकी साधी ती शंका होती.

तेव्हा पहिलं काम एवढंच. ‘मला हे खटकतं की…’ असं वाक्य सुरू करा आणि पूर्ण करा. ते शास्त्रीय भाषेत नसलं तरी चालेल. खरं तर या टप्प्यावर ते घरगुती भाषेतच असावं.

पुढे समजावताना एकच उदाहरण धरून चालतो. माझ्याकडे येणारी एक विद्यार्थिनी स्वतः पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवायची. तिचा विषय होता ‘वर्गातील संवाद’. खटकणारी गोष्ट सांग म्हटल्यावर ती म्हणाली, ‘सर, मी शिकवून झालं की विचारते, काही शंका? सगळे गप्प. मला वाटतं सगळं समजलं. मग पेपर तपासते तेव्हा कळतं की निम्म्यांना मूळ कल्पनाच समजलेली नव्हती.’ तिच्या संशोधनाची खरी सुरुवात या बोलण्यात होती.

२. बरेच प्रश्न लिहा, आणि ‘का’ची जागा तपासा

आता त्या खटकण्याभोवती सुचतील तेवढे प्रश्न लिहा. पंधरा-वीस तरी. बरा-वाईट ठरवायचं नाही, खोडायचं नाही. पहिले चार-पाच सगळ्यांना सुचतात तेच असतात. कामाचा प्रश्न बहुधा डोकं शिणल्यावर, बाराव्या-तेराव्या क्रमांकाला येतो.

यादी झाली की मराठीतली एक छोटी गोष्ट फार उपयोगी पडते. आपल्या भाषेत ‘का’ दोन कामं करतो. ‘विद्यार्थी वर्गात प्रश्न का विचारत नाहीत?’ आणि ‘विद्यार्थी वर्गात प्रश्न विचारत नाहीत का?’ या दोन वाक्यांतला फरक म्हणजे ‘का’ची जागा. पण संशोधनं मात्र दोन वेगळी. पहिल्या वाक्यात ते विचारत नाहीत हे आपण मानून टाकलेलं आहे. दुसऱ्यात आधी खात्री करायची आहे. नवखे लोक हमखास पहिल्यापासून सुरू करतात आणि कारणं शोधण्यात महिने घालवतात. मुळात ती गोष्ट तशी घडते का, किती वेळा, कोणाच्या बाबतीत, हे पाहिलेलंच नसतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक ‘का?’च्या आधी शेवटी ‘का’ असलेलं वाक्य लिहून पाहा. त्याचं उत्तर तुमच्याकडे पुराव्यानिशी असेल तरच पुढे जा. नसेल, तर तोच तुमचा प्रश्न असू शकतो.

याच यादीत ‘योग्य’, ‘चांगलं’, ‘व्हायला हवं’ असे शब्द असलेले प्रश्नही सापडतील. ‘शिक्षकांनी विद्यार्थ्यांना बोलतं करायला हवं का?’ हा महत्त्वाचा प्रश्न आहे, पण तो मूल्यांचा आहे. पाहणी करून लोकांना काय वाटतं ते कळेल, काय योग्य ते कळणार नाही. तसंच मधे ‘आणि’ आला की थांबा. बहुतेक वेळा तिथे दोन प्रश्न एकमेकांना चिकटलेले असतात.

३. वाचन : कोणी काय विचारलंय ते पाहा

पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे सगळं वाचून काढणं, असं समजून अनेकजण इथेच बुडतात. या टप्प्यावर वाचायचं ते तीन गोष्टींसाठी. हा प्रश्न आधी कोणी विचारलाय का, कोणत्या शब्दांत विचारलाय, आणि त्यांनी उत्तर कशावरून काढलं. आधी एखादा आढावा घेणारा लेख शोधा, तो विषयाचा नकाशा देतो. मग त्यातल्या संदर्भांवरून मागे जा, आणि तो लेख नंतर कोणी उद्धृत केला ते पाहून पुढे या. प्रत्येक लेखातला मर्यादांचा परिच्छेद नीट वाचा. काय पाहायचं राहून गेलं हे तिथे लेखकांनीच लिहिलेलं असतं, आणि नव्या माणसाला त्याहून चांगली वाट कोणी दाखवत नाही. तीच ती नावं पुन्हा पुन्हा दिसू लागली की तूर्त वाचन पुरे.

आपला प्रश्न आधीच कोणीतरी विचारलाय हे कळलं की विद्यार्थी खचतात. खचायचं कारण नाही. त्यांनी विचारला तेव्हा गट वेगळा होता का, मोजमाप वेगळं होतं का, निष्कर्ष पक्का होता का? तोच अभ्यास पुन्हा काळजीपूर्वक करून पाहणं हेही संशोधनच आहे, आणि त्याची गरज मोठी आहे.

४. प्रश्नाला धार लावा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. वैद्यकीय संशोधनात १९९५ पासून ‘पिको’ नावाची चौकट वापरली जाते. कोणते रुग्ण, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम मोजणार, असे चार कप्पे. काहीजण त्यात कालावधीचा पाचवा जोडतात. वैद्यकाबाहेरही हे कप्पे चालतात, विशेषतः ‘कशाच्या तुलनेत’ हा. नवख्या प्रश्नांत नेमका तोच रिकामा असतो.

त्या विद्यार्थिनीचे मसुदे असे बदलत गेले. पहिला : ‘वर्गातील संवादाचा विद्यार्थ्यांच्या आकलनावर काय परिणाम होतो?’ इथे ‘संवाद’ आणि ‘आकलन’ हे दोन्ही शब्द इतके मोठे आहेत की त्यांत काहीही मावेल. दुसरा : ‘पहिल्या वर्षाचे विद्यार्थी वर्गात शंका का विचारत नाहीत?’ थोडं जवळ आलं, पण ‘का’ची अडचण आहेच. तिसरा : ‘निनावी चिठ्ठीवर शंका लिहायची सोय दिली, तर पहिल्या वर्षाचे विद्यार्थी तोंडी विचारण्यापेक्षा जास्त शंका मांडतात का?’ इथे प्रश्नाला आकार आला. कोण ते ठरलं, तुलना आली, आणि मोजता येईल अशी गोष्ट आली.

पण तिसऱ्या मसुद्यावरही मी तिला छळलं. शंका म्हणजे काय? ‘मॅडम, पुन्हा सांगता का?’ ही शंका मोजायची? ‘हे परीक्षेला आहे का?’ ही? एकाच विद्यार्थ्याने पाच शंका विचारल्या तर पाच धरायच्या की एक? शेवटचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने सगळा अभ्यास फिरला. तिला शंकांची संख्या वाढवायची नव्हतीच. कधीच न बोलणारी मुलं बोलावीत, एवढीच तिची इच्छा होती. म्हणजे मोजायचं ते शंका नव्हे, शंका मांडणारे वेगवेगळे विद्यार्थी. मग निनावी चिठ्ठीवरून विद्यार्थी ओळखायचा कसा, ही नवी अडचण आली. तिने प्रत्येक चिठ्ठीवर विद्यार्थ्यानेच निवडलेलं एक गुप्त चिन्ह काढायला सांगायचं ठरवलं. प्रश्नाला धार लावणं म्हणजे अशा अडचणी कागदावरच येऊ देणं.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. ‘परिणाम होतो का’ लिहिलंत की कारण सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आली. त्यासाठी तुलनेचे गट लागतात, आणि शक्य असेल तर कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. ‘संबंध आढळतो का’ लिहिलंत तर दोन गोष्टी सोबत बदलतात एवढंच दाखवायचं. ‘कसे अनुभवतात’ लिहिलंत तर मुलाखती आल्या आणि आकडे मागे पडले. तिन्ही मार्ग सारखेच मानाचे आहेत. प्रश्नावलीत ‘तुमच्यावर परिणाम झाला असं वाटतं का?’ विचारायचं आणि प्रबंधात ‘परिणाम होतो’ असं लिहायचं, हे मात्र बरोबर नाही. लोकांना काय वाटतं तेवढंच त्यातून कळतं.

५. जॉन स्नो यांच्याकडून शिकावं असं

धार लावलेला प्रश्न काय करू शकतो, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १८५४ सालच्या लंडनमधलं आहे. कॉलरा का होतो, हा प्रश्न तेव्हा सगळेच विचारत होते आणि दूषित हवेमुळे होतो असं बहुतेकांचं उत्तर होतं. डॉ. जॉन स्नो यांना पाण्याचा संशय होता. पण एका वस्तीची दुसऱ्या वस्तीशी तुलना केली तर हवा, गरिबी, दाटी, सगळंच बदलतं. मग दोष पाण्याचाच, हे कशावरून म्हणायचं?

त्यांना एक जागा सापडली. शहराच्या दक्षिण भागात दोन कंपन्यांचे नळ त्याच गल्ल्यांमधून गेले होते. शेजारशेजारच्या दोन घरांत दोन वेगळ्या कंपन्यांचं पाणी असे. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उचलण्याची जागा नदीत वरच्या बाजूला, शहराच्या सांडपाण्यापासून दूर नेली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या घाणीचंच पाणी उचलत होती. म्हणजे हवा तीच, गल्ली तीच, माणसं त्याच प्रकारची, बदललं ते फक्त पाणी. ‘कॉलरा का होतो?’ या प्रश्नाचं रूप आता असं झालं : या कंपनीचं पाणी पिणाऱ्या घरांत त्या कंपनीच्या घरांपेक्षा कॉलऱ्याने जास्त माणसं दगावतात का?

त्यासाठी मृत्यू झालेल्या प्रत्येक घराचं पाणी कोणत्या कंपनीचं हे कळायला हवं होतं. स्नो आणि त्यांचे सहकारी दारोदार गेले. पुष्कळ भाडेकरूंना कंपनीचं नावच ठाऊक नव्हतं, पाणीपट्टी घरमालक भरायचा. तेव्हा स्नो यांनी पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहिलं. एका कंपनीच्या पाण्यात मिठाचं प्रमाण दुसरीच्या सुमारे चाळीस पट होतं, त्यामुळे पाणी गढूळ होण्यावरून ते कोणाचं हे ओळखता येई. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब लागला तेव्हा साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू होते आणि लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७.

जिवाणूचा शोध पक्का व्हायच्या कितीतरी आधी हे उत्तर मिळालं. ‘कॉलरा कशाने होतो?’ हा मोठा प्रश्न स्नो यांनी टाकून दिला नव्हता. त्याचा जो तुकडा पडताळता येईल तो त्यांनी उचलला. तुम्हालाही तेच करायचंय. तुमचा मोठा प्रश्न मनात जपा, प्रस्तावनेत लिहा, पण हातात घ्या तो तुकडा.

६. रिकामा तक्ता काढा

एकही प्रश्नावली वाटण्याआधी, एकही मुलाखत घेण्याआधी, निकालाचा तक्ता काढा. आडव्या ओळी, उभे रकाने, त्यांची नावं, सगळं. आकडे तेवढे रिकामे ठेवा. त्या विद्यार्थिनीच्या तक्त्यात दोन ओळी होत्या : ‘तोंडी विचारण्याचे तास’ आणि ‘चिठ्ठीचे तास’. रकान्यांत हजर विद्यार्थी, शंका मांडणारे विद्यार्थी, आणि त्यातले आधी कधीच न बोललेले. तिसरा रकाना लिहिताना ती थांबली. आधी कोण बोललं होतं याची नोंद कुठे आहे? कुठेच नव्हती. म्हणजे चिठ्ठ्या सुरू करण्याआधी काही तास नुसतं बसून तोंडी शंकांची नोंद ठेवायला हवी होती. हे तिला सत्राच्या शेवटी कळलं असतं तर वर्ष गेलं असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तक्ता काढला की मनाशी दोनदा भरून पाहा. एकदा तुमच्या अपेक्षेप्रमाणे, एकदा उलट. उलट भरल्यावर ‘मग यात काही सांगण्यासारखं नाही’ असं वाटलं, तर प्रश्न अजून कच्चा आहे. तिच्या बाबतीत उलट उत्तरालाही अर्थ होता. चिठ्ठी देऊनही मुलं गप्प राहिली, तर अडचण लाजेची नाही. कदाचित आपल्याला काय समजलं नाही हेच त्यांना कळत नसेल, आणि त्यावरचा उपाय पूर्ण वेगळा असेल.

मुलाखतींवर आधारलेल्या कामात तक्ता नसतो. तिथे एका काल्पनिक मुलाखतीचं अर्धं पान लिहून पाहा. तुम्ही विचारता त्यातून तुमच्या प्रश्नाला लागू पडेल असं काही निघतंय का, ते लगेच दिसतं.

७. झेपेल का, आणि कोणाला त्रास तर होणार नाही?

वैद्यकीय संशोधनात ‘फायनर’ म्हणून पाच कसोट्या शिकवतात : प्रश्न शक्य कोटीतला, रस वाटेल असा, नवा, नैतिक आणि उपयोगाचा असावा. रस आणि नवेपणा या दोन तुम्ही आधीच पाहिल्यात. शक्यतेचा विचार मात्र कठोरपणे करा. किती महिने आहेत, किती माणसांपर्यंत पोचता येईल, परवानग्या कोणाकडून आणि किती दिवसांत मिळतील, विश्लेषण स्वतःला येतं का. मनात धरलेल्या वेळेपेक्षा जास्तच वेळ लागतो, हे धरून चला.

नीतीचा प्रश्न एथिक्स कमिटीचा फॉर्म भरण्यापुरता नसतो, तो प्रश्नाच्या शब्दांत असतो. आमच्या उदाहरणात ती त्याच वर्गाची शिक्षिका होती. गुण देणाऱ्या व्यक्तीला विद्यार्थी नकार देऊ शकतील का? म्हणून तिने अभ्यासासाठी स्वतःचा वर्ग सोडून सहकाऱ्याचा वर्ग निवडायचं ठरवलं. प्रश्नही त्यानुसार बदलला.

८. थोडं करून पाहा, बदल लिहून ठेवा

मग पायलट, म्हणजे छोटी चाचणी. ती विद्यार्थिनी सहकाऱ्याच्या वर्गात दोन तास मागच्या बाकावर वही घेऊन बसली. शंका आली की उभी रेघ, पाचवी आडवी. वहीत जेमतेम काही रेघा पडल्या. पण तास संपल्यावर शिकवणारे सर टेबलापाशी सामान आवरत असताना मुलांचा घोळका जमला आणि तिथे एकामागून एक शंका सुरू झाल्या. तिच्या व्याख्येत हे कुठेच बसत नव्हतं. वर्ग गप्प आहे हे तिचं मूळ वाक्यच अर्धवट होतं. मुलं विचारत होती, सगळ्यांसमोर विचारत नव्हती. ‘का’ची जागा तपासा असं मी म्हणतो ते यासाठी.

प्रश्न अशा वेळी बदलणं अगदी रास्त आहे. मात्र बदल माहिती गोळा करण्याआधी व्हावा आणि त्याची नोंद असावी. निकाल पाहून मग ‘आम्हाला हेच तपासायचं होतं’ असं गृहीतक मागाहून लिहिणं ही जुनी खोड आहे. नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये तिला ‘हार्किंग’ असं नाव दिलं. योगायोगाने दिसलेली गोष्टही मग आधीच ओळखल्यासारखी मांडली जाते आणि वाचणारा फसतो. हे टाळण्यासाठी प्रश्न आधी नोंदवून ठेवायची पद्धत रुळली. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने तर २००४ मध्ये जाहीर केलं की जुलै २००५ पासून सुरू होणाऱ्या उपचारांच्या चाचण्या आधी नोंदवलेल्या नसतील तर त्या छापायच्या नाहीत. तुम्हाला इतकं औपचारिक करायची गरज नसेल. एका वहीत प्रश्नाचा प्रत्येक मसुदा, तारीख आणि बदलाचं कारण एका ओळीत लिहा. व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘हाच प्रश्न का?’ विचारलं की ती वही कामाला येते.

९. गाईडकडे एक पान न्या

गाईडकडे जाताना दहा पानांची सिनॉप्सिस नेऊ नका. एका पानावर वरती प्रश्न, त्याखाली खटकलेली गोष्ट दोन वाक्यांत, आधी कोणी काय पाहिलं ते चार-पाच ओळींत, मग रिकामा तक्ता, आणि शेवटी तुम्हाला स्वतःला जिथे शंका आहे ती जागा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, उत्तर ‘छान आहे’ येईल. ‘यात मी काय गृहीत धरलंय असं तुम्हाला दिसतं?’ असं विचारा. मग तेच पान विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या मित्राला वाचायला द्या आणि त्याला तुमचा प्रश्न त्याच्या शब्दांत सांगू द्या. तो अडखळेल तो शब्द बदला.

त्या विद्यार्थिनीच्या पानावर शेवटी सातवा मसुदा होता : ‘तासाच्या अखेरची पाच मिनिटं निनावी चिठ्ठ्यांसाठी राखून ठेवली, तर पहिल्या वर्षाच्या वर्गात तासादरम्यान किंवा तासानंतर कधीच तोंडी शंका न विचारलेले किती विद्यार्थी सहा आठवड्यांत किमान एक शंका मांडतात?’ खाली तारीख होती, आणि समासात पेन्सिलने लिहिलं होतं, ‘तासानंतरचा घोळका कोण मोजणार? सरांना विचारायचं.’